बेबीताई कांबळे : दुकान सांभाळता सांभाळता लिहिलेलं पुस्तक



गेल्या दोन अंकांत आपण अंतर्गत कर्ज आणि परतफेड यांची नोंद कशी ठेवायची ते शिकलो. या महिन्याचा पाठसुद्धा नोंदीचाच आहे, पण जरा वेगळा. या वेळी आकडेमोड नाही. एका बाईची गोष्ट आहे. ती तुमच्याआमच्यासारखीच संसार करणारी, लेकरं वाढवणारी, छोटं दुकान चालवणारी होती. शाळा फक्त चौथीपर्यंत झालेली. तिने एक पुस्तक लिहिलं आणि ते आज महाराष्ट्रातच नाही, परदेशातसुद्धा वाचलं जातं. तिचं नाव बेबीताई कांबळे आणि पुस्तकाचं नाव ‘जिणं आमुचं’.

हा पाठ बैठकीत एकीने मोठ्याने वाचावा आणि बाकीच्यांनी ऐकावा. एका बैठकीत झाला नाही तर दोन बैठकांत वाचा. शेवटी प्रश्न दिले आहेत, त्यावर बोला.

आधी एक आपल्याकडचाच प्रसंग

पाठाकडे जाण्याआधी मला एक अनुभव सांगायचा आहे. मागच्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका गावात गटाचं दप्तर तपासायला गेले होते. गटाचं आणि गावाचं नाव सांगत नाही, कारण असं कुठंही होऊ शकतं. बैठक सुरू झाली. रजिस्टर वाचलं. एका ताईच्या नावावर तीन हजार रुपयांचं कर्ज होतं आणि पाचशेचे तीन हप्ते जमा दिसत होते. ताई कोपऱ्यात बसल्या होत्या. त्या एकदम बोलल्या, “बाई, म्या तर पाच देल्ले.”

सगळ्या गप्प झाल्या. कुणी म्हणालं, वहीत तीनच आहेत. कुणी म्हणालं, तुला आठवत नसेल. ताईंना लिहितावाचता येत नव्हतं. पण त्या हटल्या नाहीत. म्हणाल्या, “मले लिहिता येत नाही, पण मोजता येते. चाला घरी.”

आम्ही चार-पाच जणी त्यांच्या घरी गेलो. दाराच्या मागच्या भिंतीवर कोळशाने ओढलेल्या पाच रेघा होत्या. हप्ता दिला की त्या घरी येऊन एक रेघ ओढायच्या. मग आम्ही बँकेच्या भरणा पावत्या काढल्या. त्यात एका हप्त्याचा मेळ लागला. गटाने भरलेली रक्कम रजिस्टरपेक्षा बरोबर पाचशेनं जास्त होती. म्हणजे चौथा हप्ता आला होता, फक्त लिहायचा राहिला होता. रजिस्टर लिहीत होता सचिवताईंचा मुलगा. तो दोन-दोन महिन्यांचं एकदम लिहायचा. पाचव्या हप्त्याचा पुरावा मात्र मिळाला नाही. त्याचा वाद अजून मिटलेला नाही.

त्या दिवशी घरी येताना मी एसटीत एकच विचार करत होते. त्या ताईंच्या भिंतीवर पाच रेघा नसत्या, तर चौथा हप्तासुद्धा बुडाला असता. आपलं आयुष्य दुसऱ्याने लिहिलं की त्यात आपल्या रेघा कमी पडतात. बेबीताईंची गोष्ट मला तेव्हाच आठवली. म्हणून हा पाठ.

बेबीताई कोण होत्या?

बेबीताईंचा जन्म १९२९ साली झाला. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यात वीरगाव म्हणून गाव आहे. तिथे त्यांचं आजोळ. लहानपण तिथेच, महारवाड्यात गेलं. त्यांचे वडील बांधकामाची कंत्राटं घ्यायचे. हातात पैसा यायचा, पण ते अडल्यानडल्याला वाटून टाकायचे. समाजात त्यांना मान होता. पण हाच माणूस घरात बायकोला बाहेर पडू देत नसे. आईचं आयुष्य पिंजऱ्यात ठेवल्यासारखं गेलं, असं बेबीताईंनी पुढे लिहिलं आहे. वडिलांचा चांगुलपणा आणि आईची कोंडी, दोन्ही त्यांनी सांगितलं. एक सांगून दुसरं झाकलं नाही.

पुढे त्या सातारा जिल्ह्यातल्या फलटणला राहायला आल्या. तिथे शाळेत गेल्या. वर्गात महारांच्या पोरींना वेगळं बसवत. दुसऱ्या मुली अंगाला अंग लागू देत नसत. त्या चौथीपर्यंत शिकल्या. तेराव्या वर्षी कोंडिबा कांबळे यांच्याशी लग्न झालं. दहा बाळंतपणं झाली, त्यातली तीन लेकरं गेली, सात जगली.

लहानपणी त्यांच्या गावाजवळ, जेजुरीला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. त्यांच्या भाषणाचा वस्तीवर मोठा परिणाम झाला. मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, देवापुढे बकरी-कोंबडी कापण्यात पैसा घालवू नका, लेकरांना शाळेत घाला, हे ऐकून घराघरांत चर्चा झाली. म्हाताऱ्यांनी विरोध केला, पण बायकांनी ती गोष्ट उचलून धरली. बेबीताईंच्या डोक्यात शिक्षणाची गोष्ट तिथून बसली.

दुकान कसं उभं राहिलं?

हा भाग आपल्या गटातल्या व्यवसाय करणाऱ्या मैत्रिणींनी नीट ऐका.

लग्नानंतर घरात चणचण होती. नवऱ्याला कायमचं काम नव्हतं. बेबीताईंनी विचार केला की दुसऱ्याच्या दारात काम मागण्यापेक्षा आपण काहीतरी विकावं. सुरुवात द्राक्षांपासून झाली. थोडी द्राक्षं आणायची आणि सुटी विकायची. त्यातून चार पैसे सुटले. मग भाजीपाला ठेवला. मग तेल, मीठ असा किराणा ठेवला. नवरा बाहेर जाऊन माल आणायचा आणि बेबीताई दुकानात बसायच्या.

एवढं छोटं दुकान, यात विशेष काय, असं वाटेल. पण जुना काळ आठवा. बेबीताईंनीच लिहिलं आहे की त्यांच्या लहानपणी वस्तीतल्या बाया वाण्याच्या दुकानावर गेल्या की लांब उभ्या राहायच्या. पदर सावरून, वाकून, विनवण्या करत सामान मागायच्या. आपली सावली, आपला हात कुणाला लागू नये याची काळजी घ्यायच्या. त्याच वस्तीतली बाई पुढे स्वतः गल्ल्यावर बसली. हातात तराजू तिच्या होता.

आणि याच दुकानात त्यांची दुसरी शाळा सुरू झाली. पुड्या बांधायला रद्दी लागायची. रद्दीत वर्तमानपत्रं यायची. पुडी बांधण्याआधी बेबीताई तो कागद वाचून काढायच्या. लग्नानंतर सुटलेलं वाचन असं पुन्हा सुरू झालं. गिऱ्हाईक नसलं की वाचायचं, आलं की कागद खाली ठेवायचा. पुस्तकं विकत घ्यायची ऐपत नव्हती, वेगळा वेळ मिळत नव्हता. जे हाताशी होतं त्याचाच त्यांनी उपयोग केला.

वीस वर्षं लपवलेलं लिखाण

वाचता वाचता त्यांना वाटलं, आपणही लिहावं. आपल्या आजीचं, आईचं, वस्तीतल्या बायांचं जिणं कुठंच छापलेलं दिसत नाही. म्हाताऱ्या माणसांबरोबर ते सगळं पुसून जाणार. पुढच्या लेकरांना कसं कळणार की आपले लोक कशातून वर आले?

त्या लिहायला लागल्या. नवरा माल आणायला गेला की लिहायचं. तो यायच्या आत वही लपवायची. दुकानातल्या सामानाच्या, जुन्या कागदांच्या आड, जिथे कुणाचा हात जाणार नाही अशा जागी त्या वह्या ठेवायच्या. नवऱ्यालाच नाही, तर मुलालाही त्यांनी सांगितलं नाही. असं जवळजवळ वीस वर्षं चाललं.

का लपवलं? भीती होती. बाईने लिहायचं म्हणजे काय? काय लिहिते, कुणाबद्दल लिहिते, असे प्रश्न आले असते. पुढे अनेक वर्षांनी दिलेल्या एका मुलाखतीत त्यांनी सांगितलं की नवरा संशय घ्यायचा, मारायचा. एकदा दोघं रेल्वेने मुंबईला निघाले होते. डब्यातली तरुण पोरं बायकोकडे बघतात म्हणून नवऱ्याने तिलाच मारलं, नाकातून रक्त येईपर्यंत. हे त्यांनी मुलाखतीत सांगितलं, पण पुस्तकात लिहिलं नाही. त्याबद्दल आपण पुढे बोलू.

वह्या बाहेर आल्या कशा? फलटणमध्ये डॉ. मॅक्सीन बर्नसन नावाच्या बाई राहत होत्या. त्या मूळच्या अमेरिकेच्या. मराठी भाषेचा अभ्यास करायला आल्या आणि इथल्याच झाल्या. लेकरांच्या शिक्षणासाठी त्यांनी फलटणमध्ये प्रगत शिक्षण संस्था काढली. त्यांची आणि बेबीताईंची ओळख झाली. बेबीताईंनी भीतभीत आपलं लिखाण त्यांना दाखवलं. मॅक्सीनबाईंनी ते वाचलं आणि हे छापलंच पाहिजे म्हणून धीर दिला. १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकात ते क्रमशः छापून आलं. १९८६ साली पुस्तक निघालं. तेव्हा बेबीताईंचं वय होतं सत्तावन्न.

ज्या मैत्रिणी म्हणतात, “आता या वयात काय शिकायचं,” त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

पुस्तकात काय आहे?

‘जिणं आमुचं’ ही कादंबरी नाही. कादंबरीत माणसं आणि घटना लेखक मनाने रचू शकतो. या पुस्तकात घडलेलं आहे, पाहिलेलं आहे, सोसलेलं आहे. अशा लिखाणाला आपण आत्मकथन म्हणतो. पण नुसती घटनांची यादी म्हणजे आत्मकथन नाही. वाचणाऱ्याला तो महारवाडा दिसला पाहिजे, तिथली भूक कळली पाहिजे, तिथलं हसूसुद्धा ऐकू आलं पाहिजे. बेबीताईंनी ते केलं आणि तेही आपल्या घरच्या बोलीत केलं. पुस्तकी भाषेच्या मागे त्या लागल्या नाहीत.

पुस्तकाच्या नावाकडे बघा. ‘जिणं माझं’ असं नाव नाही, ‘जिणं आमुचं’ आहे. पुस्तकभर ‘मी’ कमी आणि ‘आम्ही’ जास्त आहे. ही एका बाईची कहाणी आहे, तशी सगळ्या वस्तीची पण आहे.

त्यात काय काय आहे ते थोडक्यात सांगते.

भूक : दुष्काळात वस्तीतली माणसं निवडुंगाची बोंडं खाऊन पोट भरायची आणि मग पोट धरून तळमळायची. बाळंतिणीला घासभर अन्न मिळायचं नाही. पोटात भूक आणि पोटाला चिंध्या आवळून बांधलेल्या, अशी ती पडून राहायची.

अस्पृश्यता : डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन बाया विकायला जायच्या. ज्या घरी मोळी द्यायची तिथे बजावलं जायचं की लाकडात एखादा केस, एखादा दोरा अडकला नाही ना ते बघ, नाहीतर घर बाटेल. वाटेत वरच्या जातीचा माणूस दिसला तर रस्ता सोडून बाजूला उभं राहायचं. ज्यांच्या हातच्या लाकडावर चूल पेटायची, त्यांचाच विटाळ मानला जायचा.

बाईचं जिणं : आठ-दहा वर्षांच्या पोरी नांदायला जायच्या. रात्री उठून जात्यावर बसायच्या. दळताना झोप आली की मार. सासूने छळायचं, नवऱ्याने मारायचं, पोरगी पळून माहेरी आली की बापाने परत नेऊन सोडायचं. बेबीताईंनी इथे एक मोठं काम केलं. गावाने वस्तीवर केलेला अन्याय जितका सडेतोड लिहिला, तितकंच वस्तीतल्या पुरुषांनी आणि सासवांनी सुनांवर केलेला अन्यायही लिहिला. आपल्या माणसांची बदनामी होईल म्हणून झाकून ठेवला नाही.

बदल : पुस्तकात रडगाणं नाही. बाबासाहेबांच्या चळवळीने माणसं कशी उठली, बाया सभांना कशा जायला लागल्या, लेकरं शाळेत कशी गेली, हेही त्यात आहे. आपल्या विदर्भातल्या नागपूरला १४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि लाखो माणसांनी जुनं ओझं टाकलं. त्या बदलाच्या आधीचं आणि नंतरचं जग बेबीताईंनी स्वतः पाहिलं होतं. शिकून नोकरीला लागलेले आणि मग मागे राहिलेल्यांना विसरलेले लोकही त्यांनी पाहिले. त्यांनाही पुस्तकात खडे बोल सुनावले आहेत.

२००८ मध्ये माया पंडित यांनी या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं. फ्रेंच भाषेतही ते गेलं. फलटणच्या किराणा दुकानात लपवलेली वही आज विद्यापीठांत अभ्यासाला लावली जाते. बेबीताई नुसत्या लिहून थांबल्या नाहीत. फलटणजवळ मागास समाजाच्या मुलांसाठी त्यांनी आश्रमशाळा काढली. २१ एप्रिल २०१२ रोजी त्यांचं निधन झालं.

त्या एकट्या नव्हत्या

बाईने स्वतःचं आयुष्य लिहिण्याची वाट मराठीत जुनी आहे. रमाबाई रानडे यांचं आठवणींचं पुस्तक १९१० साली आलं. लक्ष्मीबाई टिळक यांना लग्न झालं तेव्हा लिहितावाचता येत नव्हतं. त्यांचं ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून छापून यायला लागलं आणि आजही आवडीने वाचलं जातं. नागपूरच्या कुमुद पावडे यांचं ‘अंतःस्फोट’ १९८१ सालचं. जातीमुळे संस्कृत शिकताना त्यांना काय काय सोसावं लागलं ते त्यात आहे. शांताबाई कांबळे यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ पुढे दूरदर्शनवर मालिका म्हणून आलं. ऊर्मिला पवार यांचं ‘आयदान’ २००३ सालचं.

आपल्या वाशीम जिल्ह्याचंही नाव साहित्यात आहे. शिरपूरचे नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ या कादंबरीला १९९५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे लिहिणारी माणसं फक्त पुण्या-मुंबईतच होतात असं नाही.

आता अवघड प्रश्न : काय लिहावं, काय सोडावं?

मघाशी मी म्हटलं की नवऱ्याच्या माराबद्दल बेबीताईंनी मुलाखतीत सांगितलं, पण पुस्तकात लिहिलं नाही. त्याचं कारणही त्यांनी दिलं होतं. समाजाने काय सोसलं हे त्यांना आधी सांगायचं होतं, आपलं एकटीचं दुःख नाही. आणि असा मार तर घरोघरी होता.

यावर आपल्या दोन-तीन गटांत मी चर्चा घेतली. मतं वेगवेगळी आली. एक ताई म्हणाल्या, “बरोबर केलं, घरची गोष्ट चव्हाट्यावर काहून आणायची?” दुसऱ्या म्हणाल्या, “तिनंच लिहिलं नाही तर मंग कोण लिहीन?” तिसऱ्या बराच वेळ गप्प होत्या. मग हळूच म्हणाल्या, “लिहिलं असतं तं पुस्तकच झालं नसतं. वही चुलीत गेली असती.”

मला वाटतं, तिघींच्याही बोलण्यात खरेपणा आहे. बेबीताईंना दोष द्यायचा आपल्याला अधिकार नाही. त्यांनी त्या काळात, त्या घरात राहून जेवढं लिहिलं तेवढं फार कमी जणींनी लिहिलं. पण त्यांनी ही गोष्ट शेवटी सांगितली हेही खरं. वय झाल्यावर का होईना, सांगितली. गुपित म्हणून बरोबर नेली नाही.

आपल्यासाठी यातून एक गोष्ट निघते. आज मार सोसणाऱ्या बाईला वीस वर्षं थांबायची गरज नाही. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आहे. त्यात संरक्षण अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. १८१ हा महिला मदत क्रमांक आहे आणि तातडीची वेळ असेल तर ११२ आहे. इथेही नोंदीचं महत्त्व आहे. कोणत्या तारखेला काय झालं, कुणी पाहिलं, दवाखान्यात गेलात का, त्याचा कागद कुठे आहे, हे जपून ठेवलं की पुढे सांगताना शब्दाला आधार मिळतो. वही घरी ठेवणं धोक्याचं वाटलं तर विश्वासातल्या मैत्रिणीकडे ठेवा.

आणि गटासाठी एक नियम. बैठकीत कुणी स्वतःचं दुःख सांगितलं तर ते तिच्या परवानगीशिवाय इतिवृत्तात लिहायचं नाही, गावात बोलायचं नाही. कर्ज, बचत, ठराव हे सगळ्यांचं आहे, ते पूर्ण लिहायचं. मनातली गोष्ट जिची तिची आहे. ती कधी आणि कुणाला सांगायची हे तिनेच ठरवायचं.

बेबीताईंकडून शिकायच्या गोष्टी

१. जे पाहिलं तेच लिहा. ऐकीव असेल तर ‘सासूबाई सांगायच्या’ असं लिहा. आपल्या डोळ्यांनी पाहिलेलं आणि दुसऱ्याने सांगितलेलं यांची सरमिसळ करू नका.

२. बारीकसारीक लिहा. ‘फार गरिबी होती’ असं लिहिलं तर वाचणाऱ्याला काही दिसत नाही. ‘एका लुगड्याचे दोन तुकडे करून आम्ही दोघी बहिणी नेसायचो’ असं लिहिलं की दिसतं.

३. आपल्या बोलीत लिहा. ‘मले’, ‘तुले’, ‘वावर’, ‘लेकरू’ हे शब्द चुकीचे नाहीत, ती आपली भाषा आहे. शुद्धलेखन नंतर कुणीतरी सुधारून देईल. आपल्याला काय म्हणायचं ते मात्र दुसरं कुणी लिहून देणार नाही.

४. स्वतःची चूकही लिहा. आपण सून होतो तेव्हाचं लिहायचं, तसंच आपण सासू झाल्यावर कसं वागलो तेही लिहायचं.

५. वेळ मिळेल तेव्हा लिहू म्हणाल तर कधीच लिहिणार नाही. बेबीताईंना वेळ मिळाला नव्हता, त्यांनी तो गिऱ्हाइकांच्या मधून काढला. सोंगणीच्या दिवसांत नाही जमलं तर नाही, पण पावसाची झड लागली, वावरात जाता येत नाही, तेव्हा अर्धा तास निघतो.

६. वाचून दाखवायला एक माणूस शोधा. मॅक्सीनबाई भेटल्या नसत्या तर वह्या कदाचित दुकानातच राहिल्या असत्या. आपल्या गटात अशी एक मैत्रीण प्रत्येकीला मिळाली पाहिजे, जी ऐकून हसणार नाही.

आपल्या गटात करून पाहा

प्रत्येक गटाने एक नवी वही घ्यावी. हिशेबाची वेगळी, इतिवृत्ताची वेगळी आणि ही तिसरी. तिचं नाव ‘आमचं जिणं’, ‘आमची वही’ किंवा तुम्हाला सुचेल ते ठेवा. दर बैठकीला एकीने दहा मिनिटं आपली एक आठवण सांगायची. जिला लिहिता येतं तिने ती लिहायची. लिहून झालं की जिची आठवण आहे तिला वाचून दाखवायचं आणि विचारायचं, “ताई, तुम्ही सांगितलं तसंच लिहिलं का?” ती हो म्हणाली की मगच खाली तिची सही किंवा अंगठा.

सुरुवातीला सोपे विषय घ्या : गावात पहिल्यांदा नळ आला तो दिवस, गटातून घेतलेलं पहिलं कर्ज आणि त्याचं काय केलं, माझी आजी, सोयाबीन नव्हतं तेव्हा वावरात काय पिकायचं, मी शाळा का सोडली.

हीच सवय मग हिशेबाच्या रजिस्टरला लावा. नोंद बैठकीतच, सगळ्यांसमोर व्हावी. लिहिलेलं मोठ्याने वाचलं जावं. जिच्या नावावर नोंद आहे तिने ‘हो, बरोबर’ म्हटल्याशिवाय पान उलटू नये. रजिस्टर कुणाच्या नवऱ्याने किंवा पोराने घरी बसून भरू नये. पोरगा हुशार असेल, मदत करायला तयार असेल, तर त्याने बैठकीत येऊन आपल्याला शिकवावं. लेखणी मात्र गटातल्या बाईच्या हातात असू द्या.

चर्चेसाठी प्रश्न

१. बेबीताईंनी वीस वर्षं वही का लपवली? आज आपण घरात कोणकोणत्या गोष्टी लपवून करतो? का?

२. पुस्तकाचं नाव ‘जिणं माझं’ असतं तर काय फरक पडला असता?

३. त्यांनी नवऱ्याच्या माराबद्दल पुस्तकात लिहिलं नाही. तुम्ही त्यांच्या जागी असता तर काय केलं असतं?

४. आपल्या गटाचं रजिस्टर कोण लिहितं? शेवटच्या तीन बैठकांच्या नोंदी सगळ्यांना वाचून दाखवल्या होत्या का?

५. आपल्या गावात वेगवेगळ्या समाजाच्या बाया एका सतरंजीवर बसून बैठक घेतात का? चहा एकाच ठिकाणी होतो का? खरं खरं सांगा.

शेवटी त्या ताईंबद्दल सांगून थांबते. भिंतीवर कोळशाच्या रेघा ओढणाऱ्या ताई मागच्या महिन्यात भेटल्या. गटातली एक सूनबाई त्यांना रोज संध्याकाळी अक्षरं शिकवते आहे. त्यांनी पिशवीतून छोटी वही काढून दाखवली. पहिल्या पानावर स्वतःचं नाव होतं, वाकडंतिकडं, पण पूर्ण. खाली तारीख आणि त्यापुढे ‘५००’. मी विचारलं, “भिंत सोडली का मग?” त्या म्हणाल्या, “नाही बाई. वही हरपली तं? भिंतीवर बी ठेवतो.”

तुमच्या गटाने लिहिलेली एखादी आठवण आपल्या वार्तापत्राकडे पाठवा. जिची आठवण आहे तिची परवानगी घेऊन पाठवा. नाव छापायचं नसेल तर तसं कळवा. पुढच्या अंकापासून अशा आठवणींसाठी एक पान राखून ठेवत आहोत.